हळदी-कुंकू बदक, चौदा सकाळी आणि एक फोटो : प्रकरण अभ्यास

यातल्या बाईंना विचारूनच हे लिहितो आहे. बाईंचं नाव, त्यांची शाळा आणि जिथं हे घडलं ते तळं, तिन्ही गाळली आहेत. पहिली दोन बाईंसाठी, तिसरं बदकांसाठी. तळ्याचं नाव एकदा फिरायला लागलं की पुढच्या रविवारी तिथं दहा कॅमेरे आणि सोमवारी शून्य बदकं, असा माझा अनुभव आहे.

पार्श्वभूमी

बाई कोल्हापुरात प्राथमिक शाळेत शिकवतात. शाळा साडेदहाची, त्यामुळे सकाळ त्यांची स्वतःची. तीन वर्षांपूर्वी त्यांनी कॅमेरा घेतला: 24 मेगापिक्सेलचा, क्रॉप सेन्सरचा, म्हणजे आत लहान सेन्सर असलेला डीएसएलआर आणि त्यावर 70-300 मिलिमीटरची झूम लेन्स. पहाटे रंकाळ्यावर फेरी मारायची, आणि वारकरी, टिबुकल्या हे पाणपक्षी, बदकं, जे दिसेल ते टिपत घरी यायचं, हा त्यांचा नेम.

माझी ओळख एवढीच की पंचवीस वर्षं मी लग्नं शूट केली. आता गुडघे मांडवात दिवसभर उभं राहू देत नाहीत, म्हणून पक्ष्यांकडे वळलो. रविवारी चार-पाच जण फोटो घेऊन माझ्याकडे येतात, चहा पितात आणि मी नावं ठेवतो. बाई त्यातल्या एक.

डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांच्या मुख्याध्यापकांनी ठरवलं की शाळेच्या व्हरांड्यात आपल्या परिसरातल्या पक्ष्यांचा एक कोपरा करायचा. मधोमध 20 बाय 30 इंचाचा एक मोठा फोटो, भोवती मुलांची चित्रं. तारीख फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या स्नेहसंमेलनाची. बाईंनी पक्षी निवडला हळदी-कुंकू बदक. निवड चांगली होती. थापट्या, तलवार बदक हे थंडीतले पाहुणे, हे मात्र बारमाही आपलं. काळी चोच, चोचीच्या टोकाला हळदीचं बोट लावल्यासारखा पिवळा ठिपका, कपाळाशी चोच सुरू होते तिथं कुंकवाचे दोन लाल ठिपके. मुलांना नाव पुन्हा सांगावं लागणार नाही.

अडचण

बाईंकडे या बदकाचे तीनशेहून जास्त फोटो होते. त्यातला मोठा करण्याजोगा एकही नव्हता.

आम्ही लॅपटॉपवर सगळे पाहिले. बहुतेक फोटोंत पाणी पांढुरकं, त्यावर काळपट बदक, डोळ्याचा पत्ता नाही. या बदकाच्या डोळ्यावरून गडद पट्टी जाते आणि डोळाही तपकिरी. त्यात प्रकाशाचा ठिपका पडला नाही तर डोळा पट्टीत बुडून जातो आणि पक्षी लाकडी खेळण्यासारखा दिसतो. थोड्या फोटोंत उलटा प्रकार: पाणी गडद, बदक उजळ आणि मिटलेल्या पंखाच्या मागच्या टोकाला जी पांढरी पिसं दिसतात ती नुसती कागदासारखी सपाट. पिसांची रेघही उरलेली नाही.

दुसरी अडचण आकाराची. बदक फ्रेममध्ये एवढंसं, म्हणून बाई फोटो कातरायच्या. कातरून उरायचे रुंदीला साधारण 1800 पिक्सेल. 30 इंचांवर पसरले की इंचाला 60. मोबाइलवर तो फोटो छान दिसायचा. भिंतीवर मोझॅकच्या फरशीसारखा दिसला असता.

बाईंचं स्वतःचं निदान तयार होतं. ‘‘सर, लेन्स कमी पडते. 150-600 घेते. पतसंस्थेतून कर्ज मिळतंय.’’

मला ते पटलं नव्हतं. पण का पटलं नव्हतं हेही त्या दिवशी नीट सांगता आलं नाही. तीनशे फोटोंत दोन अगदी उलट्या चुका आहेत, एकात बदक काळं, एकात पांढरं जळलेलं, म्हणजे जादा उजेडाने पुसलेलं, आणि दोन्ही एकाच माणसाच्या, एकाच कॅमेऱ्यातल्या. मग सामायिक काय? घरी जाऊन रात्री परत पाहिले तेव्हा ध्यानात आलं. बाई बदकाचा फोटो काढत होत्या आणि कॅमेरा पाण्याचा. फ्रेमचा नऊ-दशांश भाग पाणी. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर ते मोजतो आणि सगळं सरासरी करड्या रंगावर आणून ठेवतो. पाणी आभाळ दाखवत चमकत असलं की तो उजेड कमी करतो, बदक काळं पडतं. पाण्यात झाडाची सावली असली की उजेड वाढवतो, पांढरी पिसं जळतात. मांडवात हेच व्हायचं. मागं हॅलोजन असला की नवरी काळी, मागं गडद मखमली पडदा असला की नवऱ्याचा सदरा जळालेला. पंचवीस वर्षं ज्याचे पैसे घेतले ते बदकावर ओळखायला मला एक रात्र लागली.

समोर असलेले पर्याय

पहिला, मोठी लेन्स. यावर आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. बदक तरंगताना साधारण अर्धा मीटर लांब दिसतं असं धरलं. रंकाळ्याच्या दगडी काठावरून ते चाळीस मीटरवर असतं. बाईंच्या लेन्सने तिथं ते सुमारे 950 पिक्सेल रुंद येतं. 600 ची लेन्स लावली तर दुप्पट, 1900. आणि आहे तीच लेन्स घेऊन पंधरा मीटरवर गेलं तर? 2500 च्या वर. म्हणजे कर्ज काढून जे मिळणार होतं त्यापेक्षा जास्त पंचवीस मीटर पुढं सरकून मिळत होतं. प्रश्न एवढाच की बदक सरकू देईल का.

दुसरा, पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढं लावायचा चमक कापणारा फिल्टर. कुणीतरी बाईंना सांगितलं होतं की पाण्याची चमक त्याने जाते. जाते, पण पाण्याकडे बऱ्यापैकी वरून, जवळपास 37 अंशांच्या कोनात पाहत असलो तर. लांबच्या बदकाकडे आपण तीन-चार अंशांत पाहतो. तिथं हा फिल्टर फारसं काही करत नाही, उलट एक-दीड स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त उजेड खातो. पुलावरून मासे टिपायला उत्तम. बदकांना नको.

तिसरा, सॉफ्टवेअर. आहेत त्याच फोटोंतला उत्तम निवडून त्याला धार लावायची, मोठा करायचा. मुख्याध्यापकांचा कल याकडे होता कारण यात कुणाला पहाटे उठायचं नव्हतं. आम्ही एक फोटो तसा करून पाहिला. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या त्या सोयीने छातीवरची पिसं चक्क नवीन काढली. लांबून झकास. जवळून पाहिलं तर माशाचे खवले. या बदकाच्या अंगावरचं पीस मधे गडद आणि कडेला फिकट असतं, त्यातून ती खवलेदार नक्षी दिसते. संगणकाने नक्षी ठेवली आणि पिसांची दिशा बदलली. शाळेत मुलांसमोर लावायच्या फोटोत हे नको, यावर बाई माझ्याआधी ठाम झाल्या.

चौथा, जागा आणि उंची बदलायची. हाच घेतला.

जागेचा निर्णय

इथं थोडं थांबतो, कारण या प्रकरणातला मोलाचा निर्णय हा होता आणि तो कॅमेऱ्याला हात न लावता झाला.

पाण्याला स्वतःचा रंग नसतो म्हणतात, फोटोत तर तो अजिबात नसतो. बदकामागचं पाणी ज्या रंगाचं दिसतं तो पलीकडच्या काठाचा रंग, नाहीतर आभाळाचा. रंकाळा मोठा. पलीकडची झाडं लांब, त्यामुळे ती पाण्यात पसरत नाहीत आणि मधलं सगळं पाणी आभाळ दाखवतं. जानेवारीत सकाळी ते धुरकट पांढरं. त्यात काठ पाण्यापासून वर. उंचावरून पाहिलं की बदकाच्या डोक्यामागं जेमतेम तीन मीटरवरचं पाणी येतं, तेही लाटांसकट स्पष्ट. पार्श्वभूमी पुसली जाणार कशी?

छोट्या तळ्यात गणित उलटतं. पलीकडचा काठ पन्नास-साठ मीटरवर, त्यामुळे तिथं जे उभं असेल ते अख्ख्या पाण्यावर उतरतं. आणि लेन्स पाण्यापासून वीतभर उंचीवर आणली की बदकाच्या डोक्यामागं पाणी नसतंच, थेट पलीकडचा काठ येतो, पूर्ण धूसर.

म्हणून आम्ही स्कूटरवरून करवीर तालुक्यातली चार गावतळी पाहिली. बदकं कुठं आहेत हे नंतर, आधी पलीकडे काय आहे ते. एका तळ्यामागं नवी कंपाउंडची भिंत, पांढरी. बाद. दुसऱ्यामागं निळ्या पत्र्याची शेड. बाद. तिसऱ्याला पूर्वेकडून बसायला जागाच नाही, आणि सकाळचा सूर्य पाठीशी हवा तर पूर्वेलाच बसलं पाहिजे. चौथ्याच्या पश्चिम काठावर मातीचा बांध, त्यावर वाळलेलं गवत आणि बांधामागं पुरुषभर उंच ऊस. पूर्वेकडे उतार, म्हशी उतरतात तिथं चिखल. बदकं बावीस मोजली, शिवाय काही अडई, म्हणजे शीळ घालणारी छोटी बदकं.

बाई म्हणाल्या, ‘‘हिरवं पाणी मिळेल.’’ आम्ही तिथंच शेतवाल्याला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. ते पुढं येतंच.

काय केलं

पहिल्या दोन सकाळी फुकट गेल्या. बाई काठावर चालत गेल्या आणि सत्तर-ऐंशी पावलांवरच बदकांनी माना ताठ केल्या. मान ताठ, मग डोकं खालीवर हलवणं आणि मग उड्डाण, हा क्रम ठरलेला असतो. वारकऱ्यासारखं पाण्यावर धावायला लागत नाही त्यांना, सरळ उसळतात. दोन्ही दिवस तळं रिकामं झालं आणि थंडीत त्यांचा अर्धा तास खायचा वेळ बुडाला तो आमच्यामुळे.

तिसऱ्या दिवशी म्हशी घेऊन एक काका आले. बाईंची फजिती ते दोन दिवस लांबून बघत होते.

‘‘ताई, बदकं म्हसरास्नी भ्येत न्हाईत. उभ्या मानसाला भ्येत्यात.’’

‘‘मग मी काय करू?’’

‘‘बसा की खाली. म्हसरं याच्या आदी यायचं आन् बसायचं. हलायचं न्हाई.’’

पक्षी टिपणारे लोक लपणीच्या तंबूंवर हजारो रुपये घालतात. काकांचा सल्ला फुकट होता आणि तेवढाच कामाचा. चौथ्या दिवसापासून बाई साडेसहाला, अंधारातच, चिखलाच्या कडेला जाऊन बसायला लागल्या. खाली खताचं रिकामं पोतं, अंगावर मातकट रंगाची जुनी शाल, लेन्सखाली दोन किलो तांदूळ भरलेली कापडी पिशवी. सात-सव्वासातला सूर्य वर यायचा, मग म्हशी यायच्या आणि त्यांच्या आजूबाजूने बदकं काठाकडे सरकायची. सहाव्या दिवशी एक जोडी पंधरा मीटरवर आली. बाईंनी मला फोन केला तेव्हा त्या अजून कुजबुजतच बोलत होत्या, तळं सोडून घरी पोचल्या होत्या तरी.

त्या दिवशीचे फोटो मात्र गेले. दोन कारणं. एक, जोडीतली मादी पुढं, नर मागं. झूम 300 वर, लेन्सचं तोंड एफ/6.3 ला उघडलेलं, अशा वेळी पंधरा मीटरवर जेमतेम दोन फुटांची पट्टी स्पष्ट येते. मादी स्पष्ट, नर धूसर. एकच पक्षी धरावा किंवा दोघं एका रेषेत येईपर्यंत थांबावं, मधला मार्ग नाही. दुसरं कारण तेच जुनं. पाण्यात उसाचा गडद हिरवा रंग, मीटर फसला, पांढरी पिसं जळाली. शिवाय बाई जेपेगमध्येच फोटो काढत होत्या, रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये नाही. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या, 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये 16,384. रॉ असतं तर पिसांत थोडं काही परत मिळालं असतं.

सातव्या दिवसापासून आम्ही मीटर बंद केला. मॅन्युअल, म्हणजे उजेडाचे आकडे हाताने ठरवायचे. सूर्य वर आला की आपल्याच काठावरच्या, त्याच उन्हातल्या गवतावर एक फोटो घ्यायचा, मग पहिल्या बदकावर दोन-तीन घ्यायचे, मागच्या पडद्यावर पांढरी पिसं लुकलुकली (जळलेला भाग कॅमेरा असा दाखवतो) तर शटरचा वेग वाढवायचा, न लुकलुकेपर्यंत. मग आकड्यांना हात लावायचा नाही, पाणी हिरवं असो की पांढरं. ऊन बदललं तरच बदलायचं. सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने बाईंचे आकडे साधारण असे असायचे: आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 800, एफ/6.3, शटर 1/800 सेकंद. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ‘डेलाइट’वर पक्का, कारण ‘ऑटो’वर कॅमेरा सकाळचं सोनं पुसून टाकतो.

आठवी आणि नववी सकाळ सुरेख गेली. हिरवं संथ पाणी, त्यात उन्हातलं बदक, डोळ्यात ठिपका. चार फोटो भिंतीवर लावण्याजोगे. बाई म्हणाल्या, झालं. मीच म्हणालो, अजून थोडं जवळ आलं तर कातरावंच लागणार नाही, पूर्ण 6000 पिक्सेल मिळतील, इंचाला 200. हाव माझी होती.

दहाव्या दिवशी उसात टोळी शिरली.

कोल्हापुरात राहून जानेवारीत ऊस तोडला जातो हे ध्यानात न येणं म्हणजे कमालच. दोन दिवसांत फड मोकळा. बैलगाड्या, टोळीतली पोरं, कुत्री. बदकं नाहीत. तिसऱ्या दिवशी बदकं परतली, पण हिरवं पाणी संपलं होतं. बांधावरचं वाळलेलं गवत तेवढं उरलं आणि त्याच्या वर आभाळ. म्हणजे पाण्यात आता दोन पट्टे: बांधाचा तांबूस-सोनेरी आणि आभाळाचा फिका.

इथं निर्णय घ्यायचा होता. हिरव्या चारांपैकी एक घेऊन थांबायचं की नव्या पाण्यावर परत सुरुवात करायची? मुख्याध्यापकांची तारीख अडीच आठवड्यांवर. मी थांबू म्हणालो. बाई नाही म्हणाल्या. त्यांचं म्हणणं असं की पुढच्या वर्षी मुलांना घेऊन त्या तळ्यावर आल्या तर मुलांना ऊस दिसेल की नाही कोण जाणे, पण हा बांध दिसेलच. हे मला त्या वेळी फोटोग्राफीशी संबंध नसलेलं कारण वाटलं होतं.

पुढच्या तीन सकाळी त्यांनी बदकाचा पाठलाग सोडून सोनेरी पट्टा धरला. कॅमेरा पट्ट्याकडे रोखून बसायचं, बदक पट्ट्यात शिरलं की टिपायचं, बाहेर गेलं की बोट काढायचं. सूर्य चढला की रंग फिका व्हायचा, त्यामुळे हातात असायची जेमतेम चाळीस मिनिटं. नऊनंतर तर पाण्यावरची हवाच थरथरायला लागते, तेव्हा कितीही महाग लेन्स असली तरी पिसं विरघळतात.

तेराव्या सकाळी एक मादी एकटीच आली, तेरा-चौदा मीटरवर. पाणी हललेलं नव्हतं. तिने मान किंचित वळवली, डोळ्यात ऊन आलं, चोचीचं पिवळं टोक पाण्याला टेकता टेकता राहिलं आणि टोकाखाली त्याचंच प्रतिबिंब, पिवळ्याला पिवळा ठिपका भिडलेला. मागं सगळं तांब्याच्या परातीसारखं. अकरा फोटो मिळाले. सहावा घेतला.

फोटोवर केलेलं काम

फार नाही. क्षितिज, म्हणजे बांधाची पाणरेघ, अर्धा अंश सरळ केली. खालून कातरलं नाही. प्रतिबिंब पाय तोडल्यासारखं कापणं ही लग्नाच्या अल्बममधली जुनी खोड, मी ती बाईंना लागू दिली नाही. सावल्या थोड्या उचलल्या. धार बाकीचा भाग झाकून (मास्क करून) फक्त पक्ष्यापुरती लावली. पाण्याला धार लावली की नुसता दाणा वर येतो.

एक मोह बाईंना आवरला नाही. पंखावरचा हिरवा आरसा, म्हणजे तो चमकदार पट्टा. तो रंग पिसातल्या रंगद्रव्याचा नसतो, पिसाच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून तयार होतो, म्हणून कोन बदलला की तो विझतो. त्या फोटोत तो अर्धाच पेटला होता. बाईंनी सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा, ओढलं आणि बदकाच्या अंगावर पोपटी प्लास्टिकची चकती आली. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच काढली.

खरी चर्चा झाली ती थर्माकोलच्या प्लेटवर. बदकामागं डाव्या कोपऱ्यात एक फुटकी प्लेट तरंगत होती, धूसर, पण कळण्याइतकी. दोन मिनिटांत पुसता आली असती आणि मी पुसा म्हणालो. मुख्याध्यापकही तेच म्हणाले. बाईंनी ठेवली. ‘‘मुलं विचारतील हे काय. मग सांगता येईल.’’ निसर्गचित्रांच्या स्पर्धांत वस्तू पुसलेली सहसा चालत नाही, हे मला माहीत होतं, पण हा शाळेचा व्हरांडा आहे असा माझा मुद्दा. आज विचाराल तर बाईंचं बरोबर होतं.

छपाई आणि निकाल

पहिली प्रत काळवंडून आली. ज्या छपाईवाल्याकडे दिली त्याचं यंत्र फोटो ‘आपोआप सुधारत’ होतं: त्याने सोनेरी पाण्याला चुकीचा रंग समजून निळसर केलं. वर लॅपटॉपचा पडदा पूर्ण उजेडावर ठेवून बाईंनी काम केलं होतं, त्यामुळे पडद्यावर जे उजळ होतं ते कागदावर मंद. मोठ्या प्रतीचे पैसे गेले. मग पडदा निम्म्या उजेडावर आणला, फोटो एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत काढला, ‘काहीही सुधारू नका’ असं लिहून दिलं आणि आधी 6 बाय 9 ची छोटी प्रत काढून शाळेच्या त्याच व्हरांड्यात, त्याच भिंतीला धरून पाहिली. व्हरांड्यात ट्यूबलाइट असल्यामुळे चकचकीत कागद नको, मॅट घ्या, हे तिथंच कळलं. दुसरी मोठी प्रत बरोबर आली.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी फोटो लागला. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चाललेली, त्यामुळे आयांमध्ये नावावरून पुरेशी थट्टा झाली. पहिलीतल्या एकाने प्लेटकडे बोट दाखवून विचारलं, ते बदकाचं ताट आहे का.

लेन्सचं कर्ज बाईंनी काढलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दोन सकाळी चालत जायला नको होतं. तळं लांबून दोन दिवस नुसतं पाहिलं असतं, बदकं कुठून येतात, कुठं बसतात, कोण आलं की उडत नाहीत, तर काकांनी सांगितलेलं आपलं आपल्यालाच दिसलं असतं.

रॉ पहिल्या दिवसापासून. यात वाद नाही.

उसाचं मी वर लिहिलंच. जागा पसंत केली की पलीकडच्या शेताचा हंगाम विचारून घ्यावा. ऊस जाणार, शाळू पिवळा पडणार, तळं मार्चनंतर आटणार. पार्श्वभूमी हलते, बदकापेक्षा हळू एवढंच.

नवव्या सकाळी थांबायला हवं होतं का, यावर आमचं अजून एकमत नाही. हिरवा फोटो शांत आहे, सोनेरी जास्त बोलतो. मला वाटतं की टोळी आणखी चार दिवस उशिरा आली असती तर हिरव्यातच आम्ही खूश राहिलो असतो आणि सोनेरी पट्ट्याचा विचारही सुचला नसता. बाईंना हे मान्य नाही.

छपाईच्या पहिल्या प्रतीचा दोष मी माझ्याकडे घेतो. छोटी प्रत आधी काढा हे लग्नाच्या दिवसांत मी पोरांना ओरडून सांगायचो.

एक राहिलं ते राहिलंच. बदक आंघोळ करतं, डोकं दोन-चारदा बुडवतं, पाणी पाठीवर घेतं आणि मग उभं राहून पंख झाडतं. बुडवायला लागलं की पुढं काय होणार हे कळतं, 1/2000 ला शटर न्यायला वेळही मिळतो. चौदाव्या सकाळी बाईंना असे तीन प्रसंग मिळाले. हिरवा आरसा पूर्ण पेटलेला, थेंब हवेत गोठलेले, आणि तिन्ही वेळा पंखाचं टोक फ्रेमबाहेर, कारण झूम 300 वरून मागं घ्यायचं राहिलं. ते फोटो त्यांनी अजून पुसलेले नाहीत. यंदा पाऊस चांगला झाला, तळं भरलंय, बांधामागं पुन्हा ऊसच आहे. कधी तोडणार हे बाईंनी दिवाळीतच विचारून ठेवलंय.